विश्लेषण : हिंगोलीहून बेटे आणि सागरी गुहा पाहायला निघालात, बोटीत पाय ठेवण्याआधी काय तपासाल?

दिवाळीची सुटी लागली की हिंगोली, वसमत, कळमनुरीतून कोकणाकडे गाड्या निघतात, त्या थेट मे संपेपर्यंत. जालना-मुंबई जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत वाढवल्यापासून तर मुंबई गाठणे आणखी सोपे झाले आहे. मुंबईत गेटवेहून घारापुरी, मालवणात सिंधुदुर्ग किल्ला, मुरूडला जंजिरा, तारकर्ली-देवबागला डॉल्फिन आणि ‘त्सुनामी बेट’, अशी एक दिवसाची बोटफेरी जवळपास प्रत्येक कौटुंबिक सहलीत असते. हॉटेल कोणते, जेवण कुठे, किती पैसे लागतील, याची चौकशी आठ-आठ दिवस चालते. बोटीची मात्र कुणी करत नाही. ती धक्क्यावर गेल्यावर मिळते, आणि मिळेल ती चालते.

अडचण नेमकी इथे आहे.

हा प्रश्न आता का?

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली. स्पीड बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरचे नियंत्रण सुटले होते. १५ जणांचा मृत्यू झाला. नौदल, तटरक्षक दल, जेएनपीएची पायलट बोट आणि आसपासच्या इतर बोटींनी बाकीच्यांना वाचवले. चौकशीत पुढे आलेली गोष्ट अशी, की ‘नीलकमल’ला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी नेण्याची परवानगी होती, प्रत्यक्षात बोटीवर शंभरहून अधिक लोक होते. वाचलेल्यांपैकी अनेकांनी अंगात जीवरक्षक जॅकेट नव्हते, असे सांगितले. त्यानंतर जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले.

धडक जास्त प्रवाशांमुळे झाली नाही, हे खरे. पण धडक झाल्यानंतरच्या काही मिनिटांत जॅकेट अंगात आहे की बाकाखाली बांधलेले आहे, आणि बोटीवर माणसे किती आहेत, यावरच सगळे ठरते.

त्याआधीही इशारे मिळाले होते. मार्च २०२० मध्ये गेटवेहून निघालेली बोट मांडव्याजवळ बुडाली. ८८ प्रवासी होते आणि सगळे वाचले, कारण गस्तीवरची पोलिसांची बोट योगायोगाने जवळ होती. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या २० पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. कारणे वेगवेगळी, ठिकाणे वेगवेगळी. मात्र तिन्ही वेळा बोटीवरचे बहुतेक लोक एका दिवसासाठी आलेले, समुद्राशी फारशी ओळख नसलेले होते.

मराठवाड्यातून जाणाऱ्याला वेगळा धोका काय?

पाण्याची भीती नसणे हा नाही. पूर्णा, कयाधू, पैनगंगेच्या काठची माणसे पाण्याला ओळखतात. पण नदीचे पाणी एका दिशेने जाते. समुद्राचे दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते, आणि त्याच्या वेळा रोज बदलतात. सकाळी गुडघाभर पाण्यातून चालत गेलेली वाट दुपारी बुडालेली असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी आहे. हिंगोली ते मालवण हे अंतर नांदेड-लातूर-सोलापूर-कोल्हापूर मार्गे सुमारे सातशे किलोमीटर. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस. चार दिवसांची रजा असेल तर समुद्रासाठी उरतात दोन, आणि त्यातलाही एक देवदर्शनात जातो. मग बोटीसाठी हातात एकच सकाळ राहते. त्या सकाळी वारा असला, बोट भरलेली असली, जॅकेट कमी असली, तरी तोंडातून निघते ते एकच वाक्य : ‘इतक्या लांबून आलोय, आता काय परत जायचं?’

पुण्या-कोल्हापूरचा माणूस ‘पुढच्या शनिवारी येऊ’ म्हणू शकतो. हिंगोलीच्या कुटुंबाला तो पर्याय नाही, म्हणून नकार देणे त्याला जड जाते. बोटवाल्यालाही ते कळते. त्यामुळे बोटफेरीच्या नियोजनातली पहिली बाब जॅकेट नव्हे, मोकळा दिवस आहे. मालवण किंवा मुरूडला दोन सकाळी हातात राहतील असा बेत आखायचा. पहिली सकाळ बोटीची. ती हुकली तर दुसरी. पहिल्याच सकाळी जमले तर दुसरी किनाऱ्यावर, बाजारात, माशाच्या ताटावर घालवता येते. एका मुक्कामाचा खर्च वाढतो खरा, पण त्या पैशांत ‘आज नको’ म्हणण्याची मोकळीक मिळते.

बेटे आणि गुहा नेमक्या कुठे आहेत?

मोबाईलवरच्या व्हिडीओंनी इथे बराच गोंधळ केला आहे. थायलंड-व्हिएतनामच्या समुद्री गुहांची दृश्ये लावून खाली ‘कोकण’ लिहिलेले असते. आपल्याकडे वस्तुस्थिती अशी आहे.

घारापुरी हे गेटवेपासून सुमारे तासाभराच्या अंतरावरचे बेट. तिथल्या गुहा समुद्राने केलेल्या नाहीत. त्या माणसांनी डोंगरात खोदलेली लेणी आहेत, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेली. बोटीतून उतरल्यावर वर चढून जावे लागते. सोबत गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील तर हे आधी लक्षात घ्या. सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी मुंबईत पोहोचून सोमवारचा बेत करणाऱ्यांची फेरी वाया जाते.

मालवणचा सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले. धक्क्यावरून होडीने थोड्या वेळाचे अंतर, आत शिवराजेश्वराचे मंदिर, आणि चहूकडे खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पहिल्यांदा समुद्रात जाणाऱ्या कुटुंबासाठी ही सगळ्यात सोपी फेरी. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. तिथली अवघड जागा समुद्र नव्हे, किल्ल्याचा दरवाजा आहे : वरखाली होणाऱ्या होडीतून थेट पायरीवर पाय टाकावा लागतो. लहान मूल कडेवर घेऊन ती उडी मारू नये. मूल आधी खलाशाच्या हाती द्यावे, मग आपण उतरावे. देवबागचे ‘त्सुनामी बेट’ म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा दांडा. ओहोटीला मोठा दिसतो, भरतीला आक्रसतो.

लाटांनी कोरलेल्या खऱ्या गुहा वेंगुर्ला रॉक्सवर आहेत. वेंगुर्ले-निवतीसमोर भर समुद्रातले हे खडकाळ बेटांचे पुंजके. इथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. लाळेपासून बनणाऱ्या त्यांच्या घरट्यांना चिनी सूपसाठी परदेशात मोठी किंमत मिळते. २००१ च्या सुमारास इथून घरटी चोरली जात असल्याचे उघड झाले आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने स्थानिकांच्या मदतीने संरक्षणाचे काम उभे केले. सरकारने निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ निवती रॉकजवळ पाण्याखाली ठेवून पर्यटन केंद्र करण्याची योजना आखल्यापासून या भागाचे नाव पुन्हा चर्चेत आहे. पण वेंगुर्ला रॉक्स ही रोज सुटणारी फेरी नाही. उघडा समुद्र, आडोसा नाही, उतरायला धक्का नाही. एखादा बोटवाला ‘गुहेत आत नेतो’ म्हणाला, तर नको म्हणावे. गुहेच्या तोंडाशी साधी लाटही अरुंद जागेत शिरताना फुगते, बोट उचलते आणि छताकडे ढकलते. शिवाय आत पाखरांची घरटी असतात.

सागराने खडक कसा फोडला ते पाहायचेच असेल, तर बोटीची गरजही नाही. गुहागर तालुक्यातल्या हेदवीला बामणघळ आहे. काळ्या कातळातली एक अरुंद भेग. भरतीला लाट तिच्यात घुसते आणि पाणी कारंज्यासारखे उंच उडते. लांबून पाहावे. त्या ओल्या कातळावर सेल्फीसाठी पुढे जाण्यात शहाणपणा नाही.

भरती-ओहोटी घरातल्या कॅलेंडरवरून कशी काढायची?

कोकणातले जुने मासेमार वापरतात ते गणित हिंगोलीच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या कॅलेंडरवरूनही करता येते. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण ते एक तास पुढे सरकते. दक्षिणेकडे, मालवणात, भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच पाहावी. पण बेत ठरवायला हे गणित पुरते.

आता दिवाळीला ते लावून पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज द्वितीयेला. म्हणजे ज्या दिवसांत सगळी शाळा-कार्यालये बंद आणि किनारे भरलेले, तेच दिवस उधाणाच्या भरतीचे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि जास्त ओढीने जाते. याउलट अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी. जमत असेल तर सहल दिवाळीनंतर आठवडाभराने काढलेली बरी. गर्दी कमी, पाणीही सौम्य.

भाऊबिजेला भरती दुपारी दीडच्या सुमारास. ओहोटी सकाळी साडेसात आणि संध्याकाळी पावणेआठच्या आसपास. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, पण त्या दिवशी अकरा वाजता न्याहरी करून निघणारा माणूस किल्ल्यात अडकणार किंवा वाटेत पाण्यात सापडणार. मुंबईत उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. सिंधुदुर्गात त्याच्या साधारण निम्मा. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि बोट खाली गेलेली असते. घसरून पडण्याचे प्रसंग तिथेच येतात, भर समुद्रात नव्हे.

वारा आणि हंगाम

सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा हलका असतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात. नदीच्या मुखाशी, जिथे ओहोटीचे पाणी बाहेर पडत असते आणि वारा समोरून येतो, तिथे हा खळखळाट सर्वांत जास्त. देवबागच्या संगमावर दुपारी चारला बोटी का उसळतात, याचे उत्तर त्यात आहे. म्हणून पहिली बोट पकडा, जेवणाच्या वेळेआधी परत या. रात्रभर प्रवास करून सकाळी दहाला पोहोचायचे, आंघोळ-जेवण करून तीनला बोटीत बसायचे, हा मराठवाडी सहलीचा नेहमीचा क्रम आहे आणि तो समुद्राच्या नेमका उलट आहे.

पावसाळ्यात साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट किनाऱ्यावरचे जलपर्यटन आणि किल्ल्यांच्या फेऱ्या बंद असतात. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी वेगळी आहे; दोन्हींची गल्लत करू नये. मात्र बंदीची तारीख म्हणजे सुरक्षिततेची रेषा नव्हे. तारकर्लीची दुर्घटना २४ मे रोजी घडली, बंदीच्या दोन दिवस आधी. मेच्या शेवटच्या दहा दिवसांत पूर्वमोसमी वादळी वारे अचानक उठतात. बोटवाल्याच्या दृष्टीने ते कमाईचे शेवटचे दिवस, कुटुंबाच्या दृष्टीने शाळा उघडण्याआधीची शेवटची सुटी. दोघांनाही घाई, आणि समुद्र सर्वांत बेभरवशाचा. या दहा दिवसांत कोकणात खुशाल जा, पण बोटीचा बेत करू नका.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा उंच लाटांचा इशारा मोबाईलवर पाहता येतो. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या समुद्रातल्या वादळाच्या लाटा किनाऱ्यावर पोहोचू शकतात. तेव्हा ‘ऊन तर छान पडलंय’ हा पुरावा धरू नये. स्थानिक मासेमार होड्या काढत नसतील, तर विषय तिथेच संपतो.

धक्क्यावर काय पाहायचे?

प्रवासी बोटीची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधने आणि विमा या सगळ्याची तरतूद आहे. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता ठळक लिहिलेली हवी. क्षमतेचा आकडा वाचा आणि माणसे मोजा. मोजायला दोन मिनिटे लागतात. लहान मुलेही माणसांतच धरायची. ‘पोरं मांडीवर बसतील’ हे एसटीत चालते, बोटीत नाही. आकडाच लिहिलेला नसेल, तर ती बोट सोडून द्या.

जॅकेट मागून घ्या आणि तिथेच घाला. पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून ते वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले, तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मोठ्यांचे जॅकेट चार वर्षांच्या मुलाला बांधून उपयोग नाही. लहान मापाचे नसेल, तर त्या मुलासह एक मोठा माणूस किनाऱ्यावर थांबेल. फाटलेले, आतला फोम चुरलेले जॅकेट फक्त फोटोपुरते.

आणखी एक सवय मोडायला हवी. डॉल्फिन दिसला किंवा समुद्रपक्ष्यांचा थवा आला की सगळे एका बाजूला धावतात. बोट एका अंगाला कलते आणि कमी उंचीच्या कठड्यावरून पाणी आत येऊ शकते. तांडेल ‘बसा’ म्हणाला की बसायचे. वरच्या मजल्यावर गर्दी झालेली बोट जास्त डोलते, म्हणून जागा असेल तर खालीच बसलेले चांगले. साडीचा पदर, ओढणी, खांद्यावर अडकवलेली पिशवी या गोष्टी पाण्यात जीवावर येतात; त्या आवरून घ्याव्यात. मोबाईल आणि औषधे प्लास्टिकच्या बंद पिशवीत.

नियम असूनही ते का मोडतात?

बोटवाल्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण अपुरे. त्यांचा हंगाम सप्टेंबर ते मे. त्यातली खरी कमाई सुट्या आणि शनिवार-रविवारची. त्या दिवशी दहा माणसे जास्त घेतली तर डिझेलचा खर्च वाढत नाही, उत्पन्न वाढते. बोटीत जास्त माणसे बसवणे हे त्या हिशेबातून येते. ते रोखण्याचे काम धक्क्यावर उभ्या बंदर निरीक्षकाचे. पण धक्के अनेक, फेऱ्या त्याहून अधिक, आणि निरीक्षक प्रत्येक बोटीपाशी उभा राहू शकत नाही. अपघातानंतर काही आठवडे मोजणी कडक होते, मग सैल पडते. तिकीट देतानाच क्षमता संपली की खिडकी बंद होईल अशी व्यवस्था प्रत्येक धक्क्यावर उभी राहिली, तर माणसे मोजण्याचे काम प्रवाशांवर येणार नाही. तोवर ते प्रवाशांनाच करावे लागेल.

शाळेच्या सहलीचे काय?

हा जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठीचा भाग. डिसेंबर-जानेवारीत एसटीने सहली निघतात आणि त्यांत समुद्र हवाच असा मुलांचा आग्रह असतो. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. तो समुद्र नव्हता, शहरातला तलाव होता. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले होती आणि सगळ्यांना जॅकेट नव्हते. सहलीत पन्नास मुले असतील तर त्यांना दोन-तीन बोटींत विभागून न्यावे, प्रत्येक बोटीत नावांची यादी असलेला एक शिक्षक असावा आणि यादीची एक प्रत किनाऱ्यावर थांबणाऱ्याकडे राहावी. पालकांच्या संमतिपत्रात ‘बोटफेरी’ हा शब्द स्पष्ट लिहावा.

आणि बोट म्हणजे कोकणच असे नाही. औंढा तालुक्यातील सिद्धेश्वर, पैनगंगेवरील इसापूर आणि जिल्ह्याच्या सीमेवरच्या येलदरी जलाशयातही पाहुणे आले की मासेमारीच्या होडीत बसून चक्कर मारायची हौस होते. त्या होड्या माशांसाठी आहेत. प्रवासी वाहण्यासाठी त्यांची तपासणी झालेली नसते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाणलोटात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून बाहेर आला, सहा बुडाले. जलाशयात भरती-ओहोटी नसते, पण मे महिन्यातला वारा तोच असतो. धरणाच्या पाण्यावर जाणाऱ्याने जॅकेट स्वतःचे न्यावे. तिथे ते देणारा बहुधा कुणी नसतो.

समुद्रात अडचण आल्यास तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा १०९३ आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. मुलांसह घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ते आधीच साठवून ठेवावेत. किनारा दूर गेला की रेंज जाते, म्हणून निघण्यापूर्वी बोटीचा क्रमांक आणि परतीची वेळ घरी किंवा हॉटेलवर कळवून ठेवावी.